पांढऱ्या नाकासमोर

माझं काम बोलायचं. सकाळी किल्ल्याचं फाटक उघडलं की तिकीट काढून आलेली माणसं गोळा करायची, त्यांच्यापुढे चालायचं आणि ठरलेल्या ठिकाणी थांबून इतिहास सांगायचा. इतकी वर्षं सांगतेय की झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी शब्द इकडचा तिकडे होणार नाही. भाऊ गेल्यावर आठवड्याच्या आत मी कामावर गेले, तेव्हा तिकीट खिडकीवरच्या बाईला वाटलं, ही आज मध्येच कोसळणार. तिने माझ्यासाठी सावलीत खुर्ची काढून ठेवली होती. मी काही कोसळले नाही. पाहुणे हसायच्या जागी हसले, टाळ्यांच्या जागी त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खुर्ची दिवसभर रिकामी राहिली.

मला रडू येत नव्हतं, आणि त्याचं दुःख लोकांनाच जास्त. रड गं, मोकळी हो, असं जी ती सांगून जायची. अगं, येत नाही तर काय कांदा चिरत बसू? दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो ना, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. चावलं तरी कळू नये अशी.

किल्ला कसा आहे ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बंदराच्या तोंडाशी खडकाचं टोक समुद्रात घुसलंय, त्यावर तो बसलाय. समुद्राकडच्या तटाला दोन बुरूज, शेजारी शेजारी, एकाच मापाचे. त्यांतल्या एकाला दरवर्षी चुना देतात, म्हणून तो पांढऱ्या. दुसरा काळ्या. सरकारी पाटीवर त्यांची भारदस्त नावं आहेत, पण ती पाटी रंगवणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक असतील असं मला वाटत नाही. समुद्र निवला की ज्या ज्या घरात बोट आहे त्या घरातला एक माणूस ब्रश घेऊन किल्ल्यावर जातो, कमरेला दोर बांधून लोंबकळतो आणि पांढऱ्याला पुन्हा पांढरा करतो. ही काही हौस नव्हे. बाहेरून येताना पांढऱ्या नाकासमोर ठेवला की बोट खोल पाण्यातून सरळ बंदरात येते. काळ्या नाकासमोर ठेवला तर वाटेत दाढ आहे. दाढ म्हणजे पाण्याखालचा खडक. ओहोटीला जरा डोकं वर काढतो, एरवी पत्ता लागू देत नाही.

बंदर खात्याने तिथे लाल दिव्याचं एक पिंप तरंगत ठेवलंय. ते परक्या बोटींसाठी. आमच्यातला कुणी पिंप बघत बघत आत आला, तर धक्क्यावरची माणसं त्याला विचारतात, काय पाहुणे, कुठल्या गावचे? आमच्या पोरांना आई-बाबा म्हणता यायच्या आधी पांढऱ्या दाखवलेला असतो.

आणि इतिहास म्हणाल, तर या किल्ल्याने उभ्या आयुष्यात एकच लढाई जिंकली, तीही न लढता. शत्रूचं आरमार बंदर घ्यायला निघालं होतं. त्यांनी इथला एक नावाडी पळवून नेला होता आणि त्याच्याकडून आत यायची वाट काढून घेतली होती, पांढरा बुरूज नाकासमोर. किल्लेदाराला हे कळलं. तोफा होत्या, पण त्या चालवायला माणसं उरली नव्हती. मग गावातल्या बायापुरुषांनी पांढऱ्याला चिखल लिंपला आणि काळ्याला रातोरात चुना फासला. पहाटेच्या धुक्यात आरमार आलं, पांढरा बुरूज दिसला म्हणून निर्धास्त झालं, आणि एकामागून एक जहाज दाढेवर जाऊन बसलं. इथे मी जरा थांबते आणि म्हणते, "तोफा आहेत हो, पण त्या तुमच्या फोटोसाठी. हा किल्ला राखला तो चुन्याने." मग टाळ्या.

शाळेत दरवर्षी याचं नाटक व्हायचं. माझा भाऊ त्यात दाढ झाला होता. निळ्या चादरीखाली ओणवं बसायचं आणि जहाज आलं की उठायचं, एवढंच काम. हा शहाणा चादरीखाली झोपला. जहाजं सुखरूप बंदरात पोचली आणि मास्तरांनी डोक्याला हात लावला. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. पुढे दारातून वाकून आत यावं लागेल एवढा वाढला, तरी बारक्याच राहिला.

यंदा पांढऱ्याला चुना लागला नव्हता. किल्ल्याची डागडुजी सुरू होती, आणि काम संपेपर्यंत बुरुजांना कुणी हात लावू नये असं वरून सांगणं होतं. पांढऱ्या शेवाळाने करडा पडला होता. बारक्या मला म्हणाला होता, ताई, तुझ्या साहेबांना सांग, पांढऱ्याची दाढी वाढलीय, जरा हजामत करा. मी म्हटलं, सांगते. सांगितलंही. साहेबांनी मान हलवली.

डागडुजीच्या कामावर मुकादम म्हणजे माझा नवरा. मीही त्यांना चिडवायला मुकादमच म्हणते. माणूस आतल्या मुलखातला, लग्न होईतो त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. अजून होडीत बसताना दोन्ही हातांनी फळी धरतात. पण भिंतीच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि बारक्याचं नि त्यांचं गूळपीठ असं की माझ्या तक्रारी दोघं मिळून करायचे.

बारक्या गेला त्या दिवशी किल्ला पाहुण्यांसाठी बंद होता, आठवड्याची सुट्टी. मी घरी कपडे वाळत घालत होते. किल्ल्यावर फक्त कामाची माणसं. संध्याकाळी समुद्रावर धुरकट पडलं. बाकीच्या बोटी दुपारच्या आधीच आत आल्या होत्या, बारक्याची तेवढी मागे राहिली होती, आणि ती दाढेवर आपटून दुभंगली. आवाज किल्ल्यावर ऐकू गेला. आमचे मुकादम आणि पाहुण्यांची होडीतून ने-आण करणारा तरवाला, दोघं होडी घेऊन गेले आणि त्याला काढून आणलं. यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. होडी धक्क्याला लागेपर्यंत तो संपला होता.

मग गावाची तोंडं सुटली. आमच्यातला माणूस स्वतःच्या बंदरात दाढेवर जातोच कसा? म्हणजे प्यायलेला असणार. पूर्वी प्यायचा, खोटं कशाला बोलू. पण मुलगी झाली आणि त्याने बाटलीला हात लावला नाही. पोटात दारू सापडली नाही असं डॉक्टरने सांगितलं, तर लोक म्हणाले, समुद्राचं पाणी प्यायला तेव्हा धुऊन निघाली असेल. आता यापुढे माणसाने बोलायचं काय?

भावजयीच्या डोळ्यांना मात्र खळ नव्हता. तिचं मागणं एकच होतं. तो शुद्धीत होता हे कुणीतरी चारचौघांत म्हणावं. बाकी तिला काही नको होतं. पोर चार वर्षांची. गल्लीतल्या मुलांनी नवा खेळ काढला होता, झोकांड्या खात चालायचं आणि धपकन पडायचं. ही पोरगी त्यात हसत हसत भाग घ्यायची, तिला काय कळतंय. भावजय खिडकीतून बघायची. बंदर अधिकाऱ्याची चौकशी व्हायची होती, आणि तो कारण म्हणून चालकाचा निष्काळजीपणा लिहिणार असं आधीच कानावर आलं होतं. एकदा तसं लिहिलं गेलं की गावाला शिक्कामोर्तबच मिळणार होतं.

आम्ही रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचो. ती यांच्यापुढे चहा ठेवायची आणि न चुकता विचारायची, "भाऊजी, काही बोलला का हो तो?" हे कपाकडे बघत मान हलवायचे. नाही, काही बोलला नाही. तरवाल्यालाही तिने विचारलं होतं. तो म्हणाला, इंजिनाच्या आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं.

चौकशीच्या दोन दिवस आधी मी बारक्याची जाळी बांधून ठेवायला काहीतरी शोधत होते. आमच्या माळ्यावर एक मोठं पांढरं कापड सापडलं, मांडवाला लावतात तसलं जाडं. कडेला पितळी कड्या, एक कोपरा फाटलेला, मध्ये गंजाचे आणि चुन्याचे डाग. मी ते खाली ओढलं, तेवढ्यात हे आले आणि माझ्या हातातून त्यांनी ते काढून घेतलं. "हे नको," एवढंच म्हणाले, आणि स्वतः शिडीवर चढून परत आत कोंबलं. घरात स्वतःचा टॉवेल सापडत नाही त्या माणसाने हे केलं. एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. पण तेव्हा माझ्यात प्रश्न विचारण्याइतकं कुणी शिल्लक नव्हतं. मी जाळी जुन्या लुगड्यात बांधली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागे पाहुण्यांचा मोठा घोळका होता. तटावर नेहमीच्या जागी थांबले. आरमार निघालं, नावाडी पळवला, किल्लेदाराला कळलं. काळ्याकडे बोट करायचं ते केलं. काळ्याला परांची बांधलेली, लोखंडी पाइपांची, आणि तिच्यावर धूळ उडू नये म्हणून हिरवी जाळी. जाळी नवी कोरी होती. आणि जाळीच्या वर, पाइपाला बांधलेल्या सुंभाच्या गाठीत एक पांढरी चिंधी अडकली होती, पितळी कडीसकट. वाऱ्यावर हलत होती.

"काळ्याला रातोरात," असं मी म्हटलं आणि पुढचं वाक्य आलंच नाही. पाहुणे वाट बघत राहिले. एका म्हाताऱ्याने मला पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायले, सगळ्यांना सांगितलं की पुढची गोष्ट पाटीवर लिहिलेली आहे, आणि सावलीतल्या त्या खुर्चीवर जाऊन बसले. रडू तेव्हाही आलं नाही.

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा कापड मी जमिनीवर पसरून ठेवलं होतं. अख्खी खोली भरली होती. यांना पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून दारातच उभे राहिले. मी विचारलं, कधी बांधलं होतं? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्या दिवशी दुपारी, म्हणाले. काळ्याच्या दगडांच्या सांध्यांत ताजा चुना भरला होता, वाऱ्याने जुनी जाळी फाडली आणि ऊन थेट त्यावर यायला लागलं. ताजा चुना उन्हात तडकतो. कोठीत मांडवाचं कापड पडलं होतं, ते आणून लावलं. काम चांगलं व्हावं म्हणूनच लावलं. ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून किती वेळा ऐकली होती, लग्न झाल्यावर पहिल्यांदा किल्ला दाखवायला नेलं तेव्हापासून. पण तो त्यांच्यासाठी इतिहास होता. आमच्यासारखं त्यांचं नाक काही पांढऱ्याकडे वळलेलं नव्हतं.

"मग कळलं कधी?"

ते खाली बसले, कापडाच्या कडेला. "होडीत बोलला तो," ते म्हणाले. "म्हणाला, पांढऱ्या नाकासमोरच होता, भाऊजी. मला वाटलं बरळतोय. सकाळी कामावर गेलो, खालून वर बघितलं आणि समजलं. लगेच उतरवलं."

म्हणजे महिनाभर. महिनाभर हा माणूस तिच्या घरी बसून चहा प्यायला, बारक्याला खांदा देऊन आलेला, आणि काही बोलला नाही म्हणून मान हलवत राहिला. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, पण राग कुठेतरी लांब उभा होता, जवळ येईना. मी एवढंच म्हटलं की उद्या चौकशी आहे, तुम्ही सांगणार की मी सांगू? ते म्हणाले, माझं काम जाईल. मग म्हणाले, आणि ती मला दारात उभं करणार नाही.

"नाहीच करणार," मी म्हटलं आणि स्वयंपाकाला लागले.

बंदर अधिकाऱ्याची खोली लहान. भिंतीवर बंदराचा नकाशा, डोक्यावर घरघरणारा पंखा, आणि प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून अर्धं गाव दारात उभं. भावजय पोरीला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. आमचे मुकादम माझ्या शेजारी, पायाशी पोतं. पोत्यात कापड आहे हे मला माहीत होतं, सकाळी त्यांनीच भरलं होतं. पण ते पोतं उघडतील की नाही, हे माहीत नव्हतं.

अधिकारी माणूस बरा होता, नवीन बदलून आलेला. त्याने तरवाल्याला विचारलं, डॉक्टरचं म्हणणं वाचलं, मग नकाशावर बोट ठेवून म्हणाला की लाल दिवा चालू होता, तो दिसत होता, तेव्हा याला निष्काळजीपणाशिवाय दुसरं काही म्हणता येत नाही. मागे कुणीतरी हळूच खाकरलं. भावजयीने पोरीचे कान झाकले, जणू त्या खाकरण्यात शब्द होते. मग अधिकाऱ्याने विचारलं, कुणाला काही सांगायचंय का.

मी यांच्याकडे बघितलं. हे पोत्याकडे बघत होते. मी उठले.

मला दुसरं बोलताच येत नाही हो. उठले आणि इतिहास सांगायला लागले, पाहुण्यांना सांगते तोच, त्याच शब्दांत. साहेब, या बंदरात दिव्याकडे बघून पाहुणे येतात. आम्ही किल्ल्याकडे बघून येतो. मग दोन बुरूज, पांढऱ्या, काळ्या, दाढ. आरमार निघालं. अधिकारी जरा चुळबुळला, पण त्याने मला थांबवलं नाही. दारातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असंच त्यांना वाटलं असणार. मी सांगत राहिले, पांढऱ्याला चिखल लिंपला, तो दिसेनासा झाला, जसा यंदा शेवाळाने झालाय. "आणि काळ्याला रातोरात," म्हटलं, आणि कालच्याच जागी माझा शब्द अडकला.

पंखा घरघरत होता. मग माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"या खेपेला मी," माझा नवरा म्हणाला. "दुपारी. चुना नाही, कापड." आणि पोतं उघडून त्यांनी कापड बाहेर ओढायला सुरुवात केली. ते संपेचना. टेबलावरून, अधिकाऱ्याच्या कागदांवरून, जमिनीवर आलं. दारातल्या लोकांतला एक म्हातारा बोटवाला पुढे आला, त्याने कापडाला हात लावून पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कुणालाच नव्हती. मघाशी खाकरलेला माणूस पायांकडे बघत होता. अधिकाऱ्यालाच काय ते दोनदा विचारावं लागलं. मग त्यालाही कळलं, आणि त्याने लिहिलेल्यावर रेघ मारली.

यांनी होडीतलंही सांगितलं. तो शुद्धीत होता, पांढरं समोर ठेवूनच येत होता, जसं यायला हवं तसंच. एका दमात सांगितलं आणि उभेच राहिले.

भावजय उठली. तिने पोरीला माझ्याकडे दिलं आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता थोबाडीत मारते. मारली असती तर मी अडवलं नसतं.

"कापड बांधलंत त्याचं मी काही म्हणत नाही, भाऊजी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "तुम्हाला काय ठाऊक. पण तो बोलला होता. मी रोज विचारत होते, आणि तो बोलला होता."

यांनी हातातलं रिकामं पोतं खाली ठेवलं.

"काय म्हणाला, ते परत सांगा. जसं म्हणाला तसं."

"पांढऱ्या नाकासमोरच होता, भाऊजी."

"परत."

त्यांनी परत सांगितलं. मग ती माझ्याजवळ आली, पोरीचं तोंड यांच्याकडे वळवलं आणि म्हणाली, आता हिला सांगा. मी पोरीला खाली उभं केलं, हे तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. तोंड उघडलं, पण या वेळी शब्द फुटला नाही. पोरीने थोडा वेळ वाट बघितली. मग तिने जमिनीवरचं ते भलंमोठं पांढरं कापड बघितलं, आणि घरी चादरीच्या घड्या घालताना करते तसं त्याचं एक टोक उचलून माझ्या हातात दिलं. दुसरं टोक तिला पेलेना. ते भावजयीने उचललं. आम्ही दोघी मागे सरकलो, कापड ताणलं, आणि घडी घालायला एकमेकींच्या दिशेने चालत आलो. तिची बोटं माझ्या बोटांना लागली तेव्हा कळलं की माझे हात ओले झालेत. मी रडत होते. कधीपासून, ते मला सांगता यायचं नाही.